आमची बॅच आणि हुजूरपागेची इरावती

गेल्या महिन्यात आमच्या कन्याशाळेच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. चाळीस वर्षांनी भेटलो. मैत्रिणींनो, आमचा वर्ग म्हणजे शाळेतला गाजलेला वर्ग! गॅदरिंगचं नाटक आमचं, हस्तलिखित आमचं, रांगोळीचं बक्षीसही आमच्याच वर्गात. पोहे-जिलबी झाली, जुने फोटो झाले. मग मी आमच्या नाटकं लिहिणाऱ्या मैत्रिणीला विचारलं, अजून लिहितेस का गं? ती हसली. लग्नानंतर वह्या माळ्यावर गेल्या आणि घर बदललं तेव्हा रद्दीत गेल्या, एवढंच म्हणाली आणि नातवाचा फोटो दाखवायला लागली.

घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. कपाटातलं इरावती कर्व्यांचं ‘परिपूर्ती’ काढून बसले. त्याही मुलींच्या शाळेतल्याच. मग त्यांचं कसं काय राहिलं? म्हणून त्यांचं आयुष्य नव्याने आठवत गेले.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातला. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. तिथल्या मोठ्या नदीचं नाव लेकीला ठेवलं. सात वर्षांची झाल्यावर तिला शिकायला पुण्याला पाठवलं, हुजूरपागेच्या वसतिगृहात. पेशव्यांच्या घोड्यांची पागा होती त्या जागेवर १८८४ साली निघालेली ही मुलींची शाळा. सात वर्षांचं लेकरू, आईवडील समुद्रापलीकडे! आपल्याला तर मुलगी मामाकडे आठ दिवस राहिली तरी चैन पडत नाही.

शाळेत तिला एक मैत्रीण मिळाली, शकुंतला परांजपे. फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांची लेक, इरावतीपेक्षा जेमतेम महिन्याने लहान. शकुंतलेच्या आईला ही मुलगी इतकी आवडली की तिने इरावतीला आपल्याच घरी राहायला आणलं. त्या घरात पुस्तकं होती, वादविवाद होते आणि मुलगी म्हणून कुणी गप्प बसवत नव्हतं. दोघी तिथे वाढल्या. शकुंतलाबाई पुढे केंब्रिजला जाऊन गणित शिकल्या, १९३७ च्या ‘कुंकू’ सिनेमात दिसल्या आणि कुटुंबनियोजनाचा उच्चारही लोकांना नको होता त्या काळात त्याचं काम करत फिरल्या. दिग्दर्शिका सई परांजपे ही त्यांची मुलगी. १९९१ साली पद्मभूषण मिळालं, २००० साली त्या गेल्या.

इरावती १९२२ साली मॅट्रिक झाली, १९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. मग मुंबईला डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्रात एम. ए. केलं. लग्न झालं दिनकरराव कर्व्यांशी, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या घरात. आता स्त्रीशिक्षणासाठी उभा जन्म घालवलेल्या माणसाची सून, तिला काय अडचण, असं वाटेल. पण जर्मनीला जाऊन पीएच. डी. करायचं ठरलं तेव्हा खुद्द महर्षींचा विरोध होता!

इथे मी पुस्तक मिटलं. कारण आमच्या सूनबाईला पुण्याला दोन वर्षांच्या कोर्सला प्रवेश मिळालाय. नात चार वर्षांची. मुलाची काही हरकत नाही. मी मात्र पंधरा दिवस बघू, बघू करत होते. मीही स्वतःला सुधारक समजते, बरं का!

इरावतीबाईंच्या मागे नवरा उभा राहिला. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळालं आणि १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे गुरू होते ऑयगेन फिशर. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण निराळी, म्हणून त्याची बुद्धी श्रेष्ठ, अशा मताचे. बाईंनी कवट्या मोजल्या आणि आकडे काढून दाखवले की वंशाचा तसा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, गुरूच्याच मताविरुद्ध! पीएच. डी. घेऊनच परत आल्या.

आल्यावर काही वर्षं मुंबईला महिला विद्यापीठात रजिस्ट्रार होत्या. १९३९ पासून डेक्कन कॉलेज. तीन मुलं झाली, संसार झाला आणि गावोगाव हिंडणंही झालं. नातीगोती कशी जुळतात, मामाच्या मुलीशी लग्न कुठे चालतं, कुठे नाही, हे आपल्या घरातले विषय त्यांनी अभ्यासाला घेतले आणि १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर मोठा ग्रंथ लिहिला. वारीत चालल्या. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई त्याच, असं म्हणतात. मंगळसूत्र घालत नसत, नवऱ्याला नावाने हाक मारत. घरातला बराच व्याप दिनकररावांनी सांभाळला. ‘युगान्त’मध्ये त्यांनी गांधारी, कुंती, द्रौपदी देव्हाऱ्यातून काढून माणसांत आणल्या. त्याला १९६८ साली साहित्य अकादमी मिळालं. ११ ऑगस्ट १९७० ला त्या गेल्या. मुलगी गौरी देशपांडे मोठी लेखिका झाली. २०२४ मध्ये नात ऊर्मिला देशपांडे हिने एका सहलेखकाबरोबर इंग्रजीत त्यांचं चरित्र लिहिलं.

‘परिपूर्ती’ लेखात बाई सांगतात, एका सभेत त्यांची ओळख अमक्याची सून, तमक्याची बायको अशी करून दिली. तरी त्यांना काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. मग रस्त्यात काही मुलं आपसात बोलताना ऐकू आलं की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि त्यांना पुरं झाल्यासारखं वाटलं. मला हे पूर्वी नुसतं गोड वाटायचं. आता वाटतं, बाईंना ते हसत लिहिता आलं, कारण स्वतःचं कामही त्यांच्या हातात होतं. आमच्या मैत्रिणीकडे नातवाचा फोटो आहे. वह्या नाहीत.

आमच्या वर्गात हुशारी कमी नव्हती हो. इरावतीला मैत्रिणीच्या आईने घर दिलं, नवऱ्याने पाठ राखली. आमच्यातल्या कितीजणींना असं कुणी मिळालं?

दुसऱ्या दिवशी चहा घेताना सूनबाईला म्हटलं, फी भरून टाक, पिल्लूची शाळा मी बघते. ती बघतच राहिली. मग नाटकवाल्या मैत्रिणीला फोन केला. आमच्या महिला मंडळाला हळदीकुंकवाला छोटं नाटुकलं हवंय. आता काय जमणार, असं म्हणाली. तरी किती पात्रं हवीत तेही तिनेच विचारलं.