डॉ. पांडुरंग खानखोजे : क्रांतिकारक आणि मक्याचे कणीस

आम्ही हिंगोलीकडची मुले हळदी-सोयाबीनच्या शिवारात वाढलो, पण डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव पदवीच्या वर्गात येईपर्यंत मी ऐकले नव्हते, ही माझीच लाज. १८८४ साली वर्ध्याला जन्मलेले खानखोजे क्रांतीच्या ध्यासाने अमेरिकेत गेले. तिथे गदर चळवळीत शिरले आणि शेतकीशास्त्रही शिकले. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढले. तो लढा फसला.

१९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले आणि पुढे चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले. मक्याची मूळ भूमी ती. गरिबाच्या ताटात मकाच. एका ताटाला अनेक कणसे लागावीत म्हणून त्यांनी मक्याचा संकर तेओसिंते या त्याच्या रानटी भाऊबंदाशी केला. शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतीशाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात भाकरी वाटणारा माणूस रंगवला, तो खानखोज्यांचा चेहरा देऊन.

१९४९ मध्ये मध्य प्रदेश सरकारच्या बोलावण्यावरून ते मायदेशी आले, तर विमानतळावरच अडवले गेले. इंग्रजांच्या काळ्या यादीतले नाव कुणी खोडलेच नव्हते! १९६७ साली ते नागपुरात वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा उभा राहिला, तो २०२२ साली.