नमस्कार घालणारा राजा

राजा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. डोक्यावर तुरा, गळ्यात मोत्यांचे कंठे आणि पायाशी मारलेला वाघ. इंग्रजी अमदानीत असे संस्थानिक पुष्कळ होऊन गेले, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे आज त्यांच्याच गावातल्या मुलांना सांगता यायची नाहीत. औंधचे भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी लोकांच्या लक्षात राहिले ते वेगळ्याच कारणाने. हा राजा रोज सकाळी जमिनीवर उतरून सूर्यनमस्कार घालीत असे, आणि आपल्या प्रजेनेही ते घालावेत म्हणून त्याने निम्मे आयुष्य खर्ची घातले.

आता औंधचा राजा आणि आम्ही धाराशिवची माणसे, यांचा संबंध काय, असे कुणी विचारील. औंध सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात, आणि आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. पण औंधच्या डोंगरावर यमाई आहे, आणि आमच्याकडे तुळजापूरची भवानी व येरमाळ्याची येडेश्वरी. भवानराव हे नाव तुळजापूरकराला कधीच परके वाटणार नाही. शिवाय खटाव, माण, आटपाडीचा तो पट्टा आमच्याइतकाच पावसाला पारखा. आणखी एक नाते आहे. आमच्या पिढीने शनिवारच्या सकाळच्या शाळेत कवायतीच्या जोडीने जे नमस्कार घातले, त्यांची वाट पुष्कळ अंशी औंधवरून आलेली आहे. ते कुठून आले हे विचारायचे ते वय नव्हते. पुढे नोकरीत पाठ बोलू लागली, तेव्हा मी या माणसाबद्दल वाचायला लागलो.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. शिक्षण साताऱ्यास आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात; त्या काळी संस्थानिकांच्या घरात दुर्मीळ असलेली बी.ए.ची पदवी त्यांनी मिळवली. हातात चित्रकला होती, गळ्यात कीर्तन होते. स्वतः चित्रे काढून त्यांनी १९१६ साली चित्ररामायण प्रसिद्ध केले. औंधची गादी त्यांना मिळाली १९०९ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. संस्थान लहानसे. बहात्तर गावे, तीही सलग नव्हेत. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांपासून पार विजापूरपर्यंत विखुरलेली. एवढ्याशा उत्पन्नात या माणसाने केले काय काय, ते पाहिले म्हणजे जमाखर्चात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला अचंबा वाटतो. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा ओसाड माळ कारखान्यासाठी दिला. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. पंडित सातवळेकरांना औंधला आसरा दिला. वेदाभ्यासाइतकाच व्यायामाचा आग्रह धरणारे हे पंडित पुढे शंभरी ओलांडून १९६८ साली गेले.

पण आपला विषय शरीराचा. गंमत अशी, की सूर्यनमस्कारांचा हा पुरस्कर्ता सुरुवातीला विलायती व्यायामाचा भक्त होता. युजेन सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध बलवान पुरुष. त्याची पुस्तके आणि व्यायामाची साधने जगभर खपत. १८९७ च्या सुमारास तरुण बाळासाहेबांनी ती मागवली आणि दहाएक वर्षे इमानाने सँडोचा व्यायाम केला. दंड, छाती भरली असणारच. पण १९०८ च्या सुमारास मिरजेच्या राजेसाहेबांनी त्यांना सूर्यनमस्कारांकडे वळवले. वय होते चाळिशीचे. या वयात माणसे सहसा व्यायाम सोडतात. यांनी नव्याने धरला.

नमस्कार काही औंधात जन्मले नाहीत. आपल्याकडे समर्थांच्या परंपरेत आणि तालमींत ते होतेच. धार्मिक घरांतून व्रत म्हणूनही घातले जात. बाळासाहेबांनी केले ते असे, की देवघर आणि तालीम यांच्यामध्ये अडकलेली ही गोष्ट उचलून त्यांनी सामान्य घराच्या ओसरीवर आणली. दहा स्थिती ठरवल्या, प्रत्येकीत श्वास कधी घ्यायचा नि कधी सोडायचा हे सांगितले, छायाचित्रे काढवली, पुस्तक लिहिले. लहान मूल, गृहिणी, कारकून, म्हातारा, प्रत्येकाला जमेल अशी ती बेतली. मुलींनी आणि बायकांनी नमस्कार घातलेच पाहिजेत, हा त्यांचा हट्ट त्या काळात धाडसाचाच म्हणायचा. १९३६ साली ते इंग्लंडला गेले, तेव्हा लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची पद्धत तिकडच्या वाचकांपुढे मांडली, आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तकही निघाले. सँडोची साधने मागवणाऱ्या माणसाने साधनांवाचूनचा व्यायाम विलायतेला परत पाठवला!

या दहा स्थितींत आहे तरी काय? सरळ उभे राहून हात जोडायचे. मग खाली वाकून तळवे जमिनीला लावायचे. एक पाय मागे, मान वर; मग दुसराही मागे. त्यानंतर कपाळ, छाती, हात, गुडघे आणि चवडे जमिनीला टेकतील असा साष्टांग. पुढे छाती उचलून पाठीची कमान, मग कंबर वर, आणि आल्या वाटेने परत उभे. म्हणजे कणा एकदा पुढे वाकतो, लगेच मागे वाकतो. मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या जातात, हातांवर शरीराचा भार येतो, श्वास आपोआप खोल होतो. जागा लागते एका सतरंजीएवढी.

हे मला विशेष पटते त्याचे कारण माझी नोकरी. पस्तीसहून अधिक वर्षे मी बँकेत काढली. कळंब, भूम, उमरगा अशा शाखा पाहिल्या. आधी जाडजूड लेजरवर वाकलेल्या माना पाहिल्या, मग संगणक आले तेव्हा पुढे आलेल्या हनुवट्या पाहिल्या. खुर्चीत तासन् तास बसले की जांघेपुढचे स्नायू आखडतात, खांदे पुढे झुकतात, पाठीला पोक येऊ लागते. दर तासाला दोन मिनिटे उठावे, पडदा डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा, कंबरेला आधार द्यावा, पाय जमिनीवर टेकवावेत. हे सगळे खरे आणि करण्यासारखे. पण दिवसभर पुढे वाकलेल्या शरीराला दिवसातून काही वेळा मागे वाकायला मिळाले पाहिजे, आणि नमस्कारात ते फुकट मिळते.

बाळासाहेबांच्या वागण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. राजाच तो, पटलेली गोष्ट हुकमाने करून घ्यायची सवय. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले. आणि नमस्कारांकडून त्यांनी धरलेल्या अपेक्षाही जरा जास्तच होत्या. नियमित नमस्कार घालणाऱ्याच्या वाटेला आजार जातच नाही, असा काहीसा त्यांचा सूर असे. आज आपल्याला ठाऊक आहे, की कुठलाच व्यायाम लशीची, चाचणीची किंवा औषधाची जागा घेत नाही. उच्च रक्तदाब, हर्निया, काचबिंदू, मणक्याचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच नमस्काराला हात घालावा.

आणखी एक प्रश्न मला छळतो. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या किंवा दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या भागातल्या बाईला व्यायाम सांगायचा कुणी आणि कशाच्या बळावर? तिला हवे पोटभर सकस अन्न आणि विसावा. राजाचे नमस्कार तिच्यासाठी नव्हेत, असे मला पूर्वी वाटे. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गावेही बदलली. शेताच्या बांधापर्यंत मोटारसायकल जाते, दळण-कांडण गेले, आणि पारावरच्या मंडळींच्या खिशात बीपी-शुगरच्या गोळ्या दिसू लागल्या. बसून राहण्याचा आजार आता शहराचा उरलेला नाही.

खाण्याच्या बाबतीतही बाळासाहेब काळाच्या पुढे होते. सडून पांढरेशुभ्र केलेल्या तांदळापेक्षा हातसडीचा बरा, मोड आलेली कडधान्ये, भाज्या आणि फळे भरपूर असावीत, तंबाखू आणि मद्य नको, असा त्यांचा कल. त्याच काळात कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन हे डॉक्टर उंदरांना देशातल्या निरनिराळ्या प्रांतांचा आहार देऊन हेच तपासत होते. चहाविरुद्धची लढाई मात्र राजेसाहेब साफ हरले. औंधच काय, साऱ्या महाराष्ट्राने त्यांचे ऐकले नाही.

आमच्याकडे तर हे ताट आयतेच होते. शाळूची भाकरी, मटकीची उसळ, अंबाडीची भाजी, हुलग्याचे माडगे, शेंगदाण्याची चटणी. आता शिवारात सोयाबीनच जास्त दिसते आणि ज्वारी विकत आणायची वेळ आली. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचे म्हणून साजरे केले, तेव्हा शहरात ज्वारीची बिस्किटे निघाली. घरची भाकरी मात्र पाहुणा आला की अजूनही लाजते. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे: दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळे-भाज्या, मीठ ५ ग्रॅमच्या आत म्हणजे जेमतेम चमचाभर, आणि आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे बऱ्यापैकी दम लागेल अशी हालचाल. पापड, लोणचे आणि फरसाण यांतले मीठही त्याच चमच्यात मोजायचे असते. आमच्या कुंथलगिरीचा पेढा सणावारी जरूर खावा, पण सणावारीच.

बाळासाहेबांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग यानंतरचा. १९३८ साली, सत्तरी गाठलेली असताना, त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचे जाहीर केले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने, चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रिडमन यांच्या साहाय्याने, १९३९ साली औंधला ग्रामपंचायतींवर उभी असलेली राज्यघटना मिळाली. त्याच साली आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, सुरू झाली. तिच्यावरूनच पुढे १९५७ साली शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. ज्याने हुकमाने नमस्कार घालायला लावले, त्याने हुकूम करण्याचा अधिकारच सोडला. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ रोजी गेले. ब्याऐंशी वर्षांचे आयुष्य.

सक्ती संस्थानाबरोबर संपली. नमस्कार मात्र संपले नाहीत. आप्पासाहेब राजदूत म्हणून जिथे गेले तिथे ते घेऊन गेले; १९७० साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. मला यातून एकच गोष्ट कळते. हुकमाने शरीर वाकते, पण सवय लागत नाही. बाळासाहेबांचे नमस्कार टिकले, कारण ते स्वतः सत्तरीतही घालीत होते आणि माणसांनी ते पाहिले होते. घरातही हाच नियम. बापाने सोफ्यावरून मुलाला खेळायला जा म्हणून सांगितले तर मूल जात नाही. आमच्या धाराशिवने खो-खोत सारिका काळेसारखी खेळाडू दिली आणि तिला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा तिच्या खेळाला लागले होते काय? मैदान, दोन खांब आणि पळणारे सोबती.

बँकेत आम्ही गिऱ्हाइकाला रिकरिंगचे खाते उघडायला सांगायचो. रक्कम लहान असू द्या, पण हप्ता चुकवू नका. नमस्कारांचेही तसेच. पहिल्याच दिवशी पन्नास घालून आठवडाभर अंग धरून बसण्यात अर्थ नाही. पहाटे, उपाशीपोटी, सावकाश, दोनपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला एक-दोन वाढवावेत. गुडघे दुखत असतील त्यांनी भिंतीला धरून वाकावे, किंवा अर्धा तास झपाझप चालावे. राजेसाहेब रागावणार नाहीत. उद्या सोमवार आहे. सतरंजी तेवढी आज रात्रीच काढून ठेवा.