आधी खराटा, मग भाकरी

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आम्ही विद्यार्थी आठवडाभर एका खेड्यात राहिलो होतो. तिसऱ्या दिवशी आमच्या गटाकडे मारुतीच्या देवळामागची गल्ली आली. गटार उपसले, उकिरडा हलवला, खराट्याने सारी गल्ली लख्ख केली. काम संपले तेव्हा कोपऱ्यावरच्या घरातील अज्जी भाकरी, ठेचा आणि तांब्याभर ताक घेऊन बाहेर आली. आम्ही सेवा करायला आलो आहोत, काही घेणार नाही, असे मी तिला मोठ्या ऐटीत सांगितले. अज्जी काही बोलली नाही. ताट घेऊन आत गेली आणि तिने दार लोटून घेतले.

जगात निःस्वार्थ सत्कृत्य असते का, हा त्या संध्याकाळच्या चर्चेचा विषय होता. मी तावातावाने बोललो आणि पुरावा म्हणून दुपारचा प्रसंगही सांगितला. टाळ्या मिळाल्या. पण ते लोटलेले दार काही डोळ्यांपुढून हलेना. परत आल्यावर ग्रंथालयातून गाडगेबाबांची दोन चरित्रे आणली, एक प्रबोधनकार ठाकऱ्यांचे आणि एक गो. नी. दांडेकरांचे. झाडणाऱ्या माणसाचे चरित्र आपल्या उपयोगी पडेल, एवढाच विचार होता. ते वाचताना माझ्या भाषणाचा पायाच ढासळला.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर भागातील दापुरे या गावी माहेरी आली. मामाची गुरे राखीत, पुढे नांगर धरीत मुलगा वाढला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. मामाची शेती सावकारी कर्जाच्या कागदांत अडकून गेली, आणि कर्ज माणसाला कसे खाते हे डेबूने घरातच पाहिले. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाऐवजी गोडाचे जेवण घालून त्याने रूढी मोडली. १ फेब्रुवारी १९०५ रोजी मात्र म्हातारी आई, बायको आणि लेकरे मागे ठेवून हा माणूस घराबाहेर पडला.

अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात मातीचे गाडगे आणि खराटा. गावात शिरले की कोणाला काही न विचारता रस्ते झाडायला लागायचे. लोक वेडा समजत, हाकलून देत, पोरे मागे लागत. झाडून झाले की मग एखाद्या दारापुढे उभे राहून भाकरी मागायची, ती गाडग्यात घेऊन गावाबाहेर बसून खायची. आधी खराटा, मग भाकरी. हा क्रम त्यांनी सोडला नाही. रात्री कीर्तन. तेथे श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेत. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवा, हे त्यांचे सांगणे होते. पाया पडायला कोणी वाकला तर हातातली काठी उगारीत.

चरित्र वाचताना मी थांबलो तो या क्रमापाशी. बाबा भाकरी नाकारीत नव्हते, मागून घेत होते. ती त्यांची मजुरी होती. झाडणारा उपकार करीत नाही आणि भाकरी देणारी बाईही भीक घालीत नाही, दोघांची फिटंफाट. मी अज्जीची भाकरी परत केली तेव्हा काय केले, हे मला तेव्हा कळले. मी दाता झालो आणि तिला घेणारी करून ठेवले. माझा निःस्वार्थ तिला कमीपणा देऊन गेला होता.

आपल्याकडे दानाची सांगड पुण्याशी आहे. देवळाच्या पायरीवर, घाटाच्या दगडावर देणाऱ्याचे नाव कोरलेले असते आणि घेणारा त्या पुण्याची पायरी होतो. पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. तेथे जत्रेला येणाऱ्यांना चिखल तुडवीत नदीवर उतरावे लागे. बाबांनी १९०८ साली तेथे घाट बांधवला. ऋणातून सोडवणारे म्हणून ज्या गावाचे नाव, तेथे त्यांचे पहिले मोठे काम उभे राहावे, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. पुढे १९१७ साली पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा झाली. अस्पृश्य म्हणून ज्या वारकऱ्यांना तेथे कोणी ओसरीही देत नसे, त्यांना हक्काचे छप्पर मिळाले. नाशिकला धर्मशाळा, मूर्तिजापूरला गोरक्षण, मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा अशी कामे होत गेली. लाखो रुपये लोकांनी दिले. बाबांचा मुक्काम मात्र उघड्यावर किंवा झोपडीत. चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

चर्चेत माझ्या विरुद्ध बोलणाऱ्या मित्राचा मुद्दा असा होता की, चांगले काम करणाऱ्याला आनंद मिळतो, म्हणजे तोही स्वार्थच. तेव्हा मी त्याच्यावर उसळलो होतो. आज मी तो मुद्दा मान्य करतो. पन्नास वर्षे खराटा चालवणाऱ्याला त्यात गोडी नसेल, असे कसे म्हणावे? पण त्या गोडीने घाटाची एकही पायरी कमी होत नाही. करणाऱ्याच्या मनात स्वार्थ किती, हे मोजायला माप नाही. ज्याच्यासाठी केले त्याची मान ताठ राहिली की खाली गेली, हे मात्र डोळ्यांना दिसते. सत्कृत्याची पारख तेथे करावी, असे मला वाटते.

येथेच लेख संपवता आला असता. पण मग कुंताबाईंचे काय? बाबांनी उभारलेल्या कोणत्याही संस्थेवर आपल्या घरच्यांचा हक्क राहणार नाही, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. लोकांच्या पैशाबाबत ते किती चोख होते हे त्यातून दिसते. पण ज्या बाईने मागे राहून लेकरे वाढवली, तिला हा मार्ग निवडायला कोणी विचारले नव्हते. १९२३ साली मुलगा गोविंदा वारल्याची बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. चरित्रकारांना त्यात वैराग्य दिसते. मला त्याच वेळी गोविंदाची आई दिसते. हजारोंच्या डोक्यावर छप्पर आले, त्याची किंमत एका घराने मोजली, आणि मोजणारे वेगळे होते. कर्ज काढू नका म्हणून जन्मभर सांगणाऱ्या बाबांच्या नावावर हे एक देणे राहिले, असे मला वाटते. त्याने त्यांचे काम लहान होत नाही. पण हिशेब मांडताना हे कलम गाळणे त्यांनाच आवडले नसते.

२० डिसेंबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांच्या निधनानंतर दोनच आठवड्यांनी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर पेढी नदीच्या पुलाजवळ, धावत्या गाडीत बाबांचा अंत झाला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माणसाचे नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे. ग्रामस्वच्छतेच्या सरकारी अभियानालाही तेच नाव दिले गेले.

दिवाळीच्या सुटीत मी एकटाच त्या खेड्यात गेलो. गल्लीत पुन्हा कचरा साठला होता. अज्जीने मला ओळखले नाही, त्यामुळे माफी मागायचे राहूनच गेले. कोपऱ्यातला खराटा घेऊन तिचे अंगण आणि पुढची थोडी गल्ली झाडली आणि ओट्यावर बसून भाकरी मागितली. तिने भाकरीवर ठेचा घातला, ताक दिले, आणि झाडताना तुळशीमागचा कोपरा तसाच राहिला आहे, हेही सांगितले. भाकरी संपवून मी तो कोपरा झाडला.