विश्लेषण : रामोजी की इमॅजिका? सहलीच्या या प्रश्नाचे मूळ वॉल्ट डिस्ने यांच्या हरवलेल्या सशात कसे?

शाळेची सहल असो की दिवाळीच्या सुट्टीतला कुटुंबाचा बेत, नांदेड-लातूरकडे सिनेमाच्या दुनियेत जायचे म्हटले की दोन नावे पुढे येतात. एक हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी, दुसरे खोपोलीजवळचे इमॅजिका. दोन्हीकडे तिकीट आहे आणि दिवसभराची पायपीट आहे. पण एका ठिकाणी सिनेमा कसा बनतो ते दाखवतात, तर दुसऱ्या ठिकाणी पाहुण्याला थेट गोष्टीत नेऊन बसवतात. हा फरक मुळात अमेरिकेतला. तिथे युनिव्हर्सल आणि डिस्ने या दोन कंपन्यांच्या चढाओढीत तो घडत गेला आणि त्यात वॉल्ट डिस्ने (१९०१-१९६६) यांच्या तरुणपणी झालेल्या एका मोठ्या नुकसानीचाही हात आहे.

वॉल्ट डिस्ने मूळचे कुठले?

वॉल्ट यांचा जन्म ५ डिसेंबर १९०१ रोजी शिकागोत झाला. ते लहान असतानाच कुटुंब मिसुरी राज्यातल्या मार्सेलिन या छोट्या गावी शेती करायला गेले. शेती टिकली नाही. वडील एलायस यांनी कॅन्सस सिटीत वर्तमानपत्र वाटपाची लाइन घेतली आणि वॉल्ट व थोरले बंधू रॉय पहाटे उठून, बर्फातही घरोघरी पेपर टाकू लागले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वॉल्ट वय वाढवून सांगून रेड क्रॉसमध्ये भरती झाले आणि फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवून परतले. कॅन्सस सिटीत त्यांनी काढलेली कार्टून कंपनी १९२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी ते हॉलिवूडला गेले आणि रॉय यांच्यासह नवा स्टुडिओ सुरू केला. कल्पना वॉल्ट यांच्या, हिशेब रॉय यांचा, ही वाटणी पुढे आयुष्यभर टिकली.

ससा हातचा कसा गेला?

१९२७ मध्ये डिस्ने बंधूंना युनिव्हर्सलसाठी कार्टूनची मालिका करण्याचे काम मिळाले. मध्ये वितरक होते चार्ल्स मिंट्झ. मालिकेचा नायक होता ओसवाल्ड नावाचा ससा. तो लोकांना आवडला. १९२८ च्या सुरुवातीला वॉल्ट जास्त पैसे मागायला न्यूयॉर्कला गेले. तिथे उलटेच घडले. पूर्वीपेक्षा कमी पैशांत काम करा, असे मिंट्झ यांनी सुचवले. त्यांनी वॉल्ट यांचे बहुतेक चित्रकार आधीच आपल्याकडे वळवले होते आणि करारानुसार ओसवाल्डचे हक्क युनिव्हर्सलकडे होते. ज्या सशाला आपण रूप दिले, त्याच्यावर आपला कायदेशीर हक्क नाही, हे वॉल्ट यांना तेव्हा कळले.

सोबत राहिलेल्या मोजक्या माणसांत चित्रकार अब आयवर्क्स होते. त्यांच्या साथीने वॉल्ट यांनी नवे पात्र उभे केले. तोच मिकी माऊस. आवाजासह बनवलेला ‘स्टीमबोट विली’ १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये झळकला आणि स्टुडिओ तरला. यापुढे पात्र आपल्याच मालकीचे असले पाहिजे, याबाबत वॉल्ट यांनी तडजोड केली नाही. डिस्नेलँडचा पाया इथे पडला, असे म्हणता येते.

युनिव्हर्सलने आधी काय केले होते?

स्टुडिओ पाहायला लोकांना तिकीट लावण्याची युक्ती डिस्ने यांची नव्हे, युनिव्हर्सलचे संस्थापक कार्ल लेमली यांची. जर्मनीतून आलेल्या लेमली यांनी १५ मार्च १९१५ रोजी लॉस एंजेलिसजवळ युनिव्हर्सल सिटी सुरू केली. २५ सेंट दिले की बाकांवर बसून चित्रीकरण पाहता येई. तेव्हा सिनेमा मूक होता, त्यामुळे प्रेक्षकांच्या टाळ्या-आरोळ्यांनी काही बिघडत नसे. बोलपट आल्यावर सेटवर शांतता लागू लागली आणि ही प्रथा बंद पडली. जुलै १९६४ मध्ये युनिव्हर्सलने ट्राममधून स्टुडिओ फिरवणे सुरू केले, तेव्हा डिस्नेलँड नऊ वर्षांचे झाले होते.

थीम पार्कची कल्पना कुठून आली?

मुलींना घेऊन वॉल्ट लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जात. मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसत आणि वडील बाकावर शेंगदाणे खात थांबत. आईवडील आणि मुले दोघांनाही एकत्र रमता येईल अशी जागा का नसावी, हा विचार तिथे सुरू झाला. दुसरीकडे, डिस्ने स्टुडिओ पाहायला मिळावा, अशी विचारणा करणारी पत्रे येत होती. पण कार्टूनच्या स्टुडिओत पाहण्यासारखे असते काय? टेबलांवर वाकून चित्रे काढणारी माणसे. युनिव्हर्सलकडे दाखवायला सेट होते, घोडेस्वार होते. डिस्ने यांच्याकडे फक्त पात्रे आणि गोष्टी होत्या. म्हणून त्यांना गोष्टीतली जागाच प्रत्यक्ष बांधावी लागली.

आधी बरबँक येथील स्टुडिओसमोर छोटी बाग करण्याचा बेत होता. पालिकेने तो मान्य केला नाही. मग अनाहाइम येथे संत्र्यांच्या बागांची सुमारे १६० एकर जमीन घेण्यात आली.

पैसा कसा उभा राहिला?

रॉय यांना हा धंदा धोक्याचा वाटत होता आणि बँका हात आखडता घेत होत्या. वॉल्ट यांनी विमा पॉलिसीवर कर्ज काढले, सुट्टीसाठी घेतलेले घर विकले. अखेर मदतीला आला टीव्ही. मोठ्या चित्रपट कंपन्या टीव्हीला शत्रू मानत असताना डिस्ने बंधूंनी एबीसी या वाहिनीशी करार केला. वाहिनीने पाच लाख डॉलर गुंतवले, ४५ लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी दिली आणि थीम पार्कमध्ये एक तृतीयांशाहून थोडा अधिक हिस्सा घेतला. बदल्यात वॉल्ट यांनी दर आठवड्याचा कार्यक्रम दिला. ऑक्टोबर १९५४ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे नावच ‘डिस्नेलँड’ होते. त्यामुळे पार्कची जाहिरात तो उघडण्याआधीच घराघरांत पोहोचली. पुढे १९६० मध्ये डिस्ने बंधूंनी एबीसीचा हिस्सा विकत घेऊन पार्कही पूर्णपणे आपल्या हाती आणला.

उद्घाटनाच्या दिवशी काय घडले?

१७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. खर्च झाला होता सुमारे एक कोटी ७० लाख डॉलर. बनावट तिकिटांमुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त गर्दी लोटली. कडक उन्हात ताजे डांबर मऊ पडले, पिण्याच्या पाण्याचे अनेक नळ कोरडे होते. हे सगळे थेट प्रक्षेपण सुरू असताना घडले. सूत्रसंचालकांमध्ये पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन होते. तरीही दोन महिन्यांच्या आत दहा लाख पाहुणे येऊन गेले.

दोन्हींत नेमका फरक काय?

डिस्नेलँडभोवती मातीचा उंच बांध आहे. आत गेल्यावर बाहेरचा रस्ता, वाहने, इमारती दिसू नयेत, हा त्यामागचा हेतू. प्रवेश एकाच बाजूने, आणि आत शिरताच लागणारा रस्ता वॉल्ट यांच्या बालपणीच्या मार्सेलिनच्या आठवणीतून घडवलेला. यंत्र, तार, पडद्यामागची माणसे सगळे झाकलेले. युनिव्हर्सलचा भर नेमका उलटा. खोटा पूर कसा येतो, ‘जॉज’मधला शार्क पाण्यातून कसा झेपावतो, भूकंप कसा होतो, हे तिथे ट्राममध्ये बसून पाहायचे. सोप्या भाषेत, डिस्नेकडे पाहुणा पडद्याच्या आत जातो आणि युनिव्हर्सलकडे कॅमेऱ्याच्या मागे. आज दोन्ही कंपन्यांनी एकमेकींचे बरेच काही उचलले आहे, पण मूळ वाटा अशा वेगळ्या होत्या.

डिस्ने यांच्या पश्चात चढाओढ कशी वाढली?

डिस्नेलँडच्या भोवती इतरांनी हॉटेले काढली आणि पैसा त्यांच्याकडे गेला. ती चूक टाळण्यासाठी वॉल्ट यांनी फ्लोरिडात वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली, म्हणजे रामोजी फिल्म सिटीच्या जवळपास सोळापट. ते स्वप्न पाहायला ते राहिले नाहीत. फुप्फुसाच्या कर्करोगाने १५ डिसेंबर १९६६ रोजी, ६५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. रॉय यांनी निवृत्ती पुढे ढकलून काम पुरे केले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रॉयही गेले.

१ मे १९८९ रोजी डिस्नेने फ्लोरिडात स्टुडिओवर आधारित पार्क काढला. म्हणजे युनिव्हर्सलची जुनी कल्पना स्वतःच वापरली. ७ जून १९९० रोजी युनिव्हर्सलही तिथेच दाखल झाले. त्यांच्याही पहिल्या दिवशी मोठ्या राइड बंद पडल्या. २०१० मध्ये हॅरी पॉटरची दुनिया उभारून युनिव्हर्सलने डिस्नेचाच धडा गिरवला : गोष्ट आवडत असेल, तर लोक त्या गोष्टीत राहायला पैसे मोजतात. मे २०२५ मध्ये युनिव्हर्सलने ऑर्लँडोत एपिक युनिव्हर्स हे आणखी एक मोठे पार्क सुरू केले.

आणि ससा? २००६ मध्ये तो डिस्नेकडे परत आला. एनबीसी-युनिव्हर्सलला क्रीडा समालोचक अल मायकल्स हवे होते. त्यांना करारातून मोकळे करण्याच्या बदल्यात झालेल्या देवाणघेवाणीत ओसवाल्डचे हक्क मिळाले. तोवर ७८ वर्षे उलटली होती.

मालकीची दुसरी बाजू कोणती?

पात्र गमावण्याचे दुःख भोगलेले वॉल्ट मालक म्हणून मात्र उदार ठरले नाहीत. १९४१ मध्ये त्यांच्याच स्टुडिओतील चित्रकार संपावर गेले. पगारातली तफावत, पडद्यावर नाव न येणे आणि संघटनेला मान्यता, हे त्यांचे मुद्दे होते. वॉल्ट यांनी हा संप मनाला लावून घेतला आणि स्टुडिओतले जुने घरगुती वातावरण पुन्हा आले नाही. ज्यांच्या हातून मिकी आणि स्नो व्हाइट साकारले, त्यांचा त्या पात्रांवर हक्क नव्हता. नेमकी हीच वेळ १९२८ मध्ये वॉल्ट यांच्यावर आली होती.

पुढे १९९८ मध्ये अमेरिकेत स्वामित्व हक्काची मुदत २० वर्षांनी वाढली, तेव्हा मिकी जपण्यासाठीच हा खटाटोप असल्याची टीका डिस्ने कंपनीवर झाली. ‘स्टीमबोट विली’मधला मिकी अखेर १ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत सर्वांसाठी खुला झाला.

रामोजी आणि इमॅजिका कोणत्या वाटेवर?

१९९६ मध्ये सुरू झालेली रामोजी फिल्म सिटी सुमारे १,६६६ एकरांवर पसरली आहे. जगातील सर्वांत मोठे चित्रपट स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. तिथे खरी चित्रीकरणे होतात, बसमधून सेट पाहायचे असतात, ‘बाहुबली’चा सेटही पर्यटकांना दाखवला जातो. ही लेमली यांची वाट. २०१३ मध्ये सुरू झालेले इमॅजिका ही डिस्ने यांची वाट. ते उभारणारे मनमोहन शेट्टी चित्रपटांच्या प्रयोगशाळेच्या व्यवसायातले. तिथे राइड हीच गोष्ट असते आणि १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’वर बेतलेली राइडही आहे.

त्यामुळे निवड करताना अंतर आणि तिकिटाबरोबर मुलांचे कुतूहलही पाहावे. सिनेमा बनतो कसा, हे विचारणाऱ्या मुलांना रामोजीत जास्त सापडेल. राइडचा थरार हवा असणाऱ्यांसाठी इमॅजिका. मात्र तिथे अनेक राइडना उंचीची अट असते, हे लहान मुले सोबत असतील तर आधी तपासलेले बरे.

एक उणीव दोन्हीकडे जाणवते. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, तेव्हा वॉल्ट अकरा वर्षांचे होते. इतका जुना वारसा असूनही पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनात राहील आणि ज्याच्याभोवती अख्खे पार्क उभे राहील, असे मराठी पडद्यावरचे पात्र अजून घडलेले नाही. डिस्ने यांच्या आयुष्याकडे पाहिले तर त्यासाठी आधी जमीन लागत नाही. आधी लागते ते पात्र आणि ते घडवणाऱ्याच्या हातात राहील असा करार.