सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि त्यांनी शिकलेली चिनी भाषा

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे नाव आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांची सेवा करणारा आणि तिथेच देह ठेवणारा सोलापूरचा डॉक्टर, एवढं तर सगळ्यांना माहीत असतं. व्ही. शांताराम यांनी 1946 साली त्यांच्यावर चित्रपट काढला, तोही आजोबांच्या पिढीने पाहिलेला आहे. पण त्यांच्या चरित्रात एक वाक्य नेहमी येतं आणि पटकन निघून जातं, ते म्हणजे त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली. पुढच्या ओळीत लगेच शस्त्रक्रिया सुरू होतात! आज आपण त्या एका वाक्यापाशीच जरा थांबणार आहोत. कारण परकी भाषा म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. आणि या माणसाने जगातल्या अवघड समजल्या जाणाऱ्या भाषेत दोन-अडीच वर्षांत शस्त्रक्रियेचे तास घेतले.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडं बरीच. त्या काळचं सोलापूर म्हणजे कापड गिरण्यांचं गाव. तिथे मराठी तर होतीच, पण विणकर वस्तीत तेलुगू, बाजारात कानडी आणि जोडीला दखनी, हे सगळं एकाच रस्त्यावर कानावर पडायचं. आपल्या सांगोला-मंगळवेढ्याकडेही कानडी शब्द कसे सहज मिसळलेले असतात, ते तुम्ही जाणताच. अशा गावात वाढलेल्या मुलाला एक गोष्ट न शिकवता कळते. समोरचा माणूस वेगळं बोलतो, म्हणून तो काही परग्रहावरचा नसतो. भाषा शिकण्याची भीती इथेच निम्मी कमी होते, असं मला वाटतं.

पुढे मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे केईएमच्या कॉलेजात, ते डॉक्टर झाले. वैद्यकीचं सगळं शिक्षण इंग्रजीत. म्हणजे मराठी मुलाने परक्या भाषेतून एक अवघड विषय शिकण्याचा अनुभव त्यांनी आधीच घेतलेला होता.

1937 मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चीनच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती जनरल चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. 1 सप्टेंबर 1938 रोजी राजपुताना नावाच्या बोटीने हे पथक मुंबईहून निघालं. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही पूर्ण नव्हते, आणि त्यांना चिनी येत नव्हती.

आता ही भाषा कशी आहे ते थोडं बघू, म्हणजे कामाचा अंदाज येईल.

चिनीत मुळाक्षरं नाहीत. प्रत्येक शब्दासाठी, किंवा शब्दाच्या तुकड्यासाठी, एक स्वतंत्र चिन्ह असतं. वर्तमानपत्र वाचायचं तर अशी दोन-अडीच हजार चिन्हं तरी ओळखता यावी लागतात. आज रोमन अक्षरांत चिनी लिहिण्याची जी सोपी पद्धत परदेशी विद्यार्थी वापरतात, ती 1958 साली आली. कोटणीस गेले तेव्हा ती नव्हतीच. त्यात भर म्हणजे सूर. एकच उच्चार चार वेगवेगळ्या सुरांत केला की चार वेगळे शब्द होतात. मा हा उच्चार एका सुरात आई, दुसऱ्या सुरात घोडा आणि आणखी एका सुरात रागावणं! म्हणजे चुकीच्या सुरात आईची चौकशी केली, तर माणूस घोड्याची चौकशी करून बसायचा.

पण घाबरू नका, मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी आयत्याच मिळतात. क आणि ख, त आणि थ हे आपण लहानपणापासून वेगळे बोलतो. चिनीतही हा फरक महत्त्वाचा आहे, तो चुकला की शब्दच बदलतो. इंग्रजी बोलणाऱ्याला तो पकडायला फार त्रास होतो. चार मधला च आणि चूक मधला च यांतला फरक आपण लिहीत नाही, पण बोलताना नेमका करतो. चिनीत अशाच दोन जातींचे च आहेत. चिनी क्रियापदाला लिंग, वचन, काळ यांचे प्रत्यय लागत नाहीत, म्हणजे गेला, गेली, गेले ही भानगडच नाही. उलट वस्तू मोजताना संख्येनंतर एक मोजशब्द घालावाच लागतो. आपण पाच नग, चार जण म्हणतो तसं, पण प्रत्येक वेळी.

हे मुद्दाम एवढं सांगितलं, कारण आपल्याकडे नवी भाषा शिकताना पहिली चूक इथेच होते. आपण तिच्यातलं अवघड काय तेच मोजत बसतो. आपल्या तोंडात आधीपासून काय आहे, याचा हिशेब कुणी करत नाही.

पथक हाँगकाँगवरून कँटनला उतरलं आणि युद्धाच्या धामधुमीत आत आत सरकत राहिलं. चुंगकिंगला असताना कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. परत जाण्याचा मार्ग मोकळा होता, तरी ते पुढे गेले. याच काळात पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी हुआ, म्हणजे चीन, हा शब्द जोडला होता. आपले कोटणीस झाले के दिहुआ. नाव बदलण्यात काय मोठंसं, असं वाटेल. पण कोटणीस हा शब्द चिनी शेतकऱ्याच्या जिभेवर कसा बसणार? हाकच मारता येत नसेल तर बोलणं सुरू कुठून व्हायचं?

फेब्रुवारी 1939 मध्ये पथक येनानला पोचलं. डोंगरात खोदलेल्या गुहांत घरं, गुहांतच दवाखाना. आणि इथे त्यांची भाषेची खरी शाळा सुरू झाली, असं म्हणायला हवं. डॉक्टरचं काम कसं असतं बघा. दिवसभरात पन्नास रुग्ण आले तरी प्रश्न तेच असतात. कुठं दुखतं? केव्हापासून? ताप आहे का? काय खाल्लं? श्वास घ्या, सोडा. म्हणजे तीस-चाळीस वाक्यं आली की दवाखाना सुरू करता येतो, आणि तीच वाक्यं रोज पन्नास वेळा तोंडून जातात. उत्तरं मात्र प्रत्येकाची वेगळी! आठव्या मार्ग सेनेत निरनिराळ्या प्रांतांतले शिपाई होते, प्रत्येकाची बोली निराळी. म्हणजे कानाला रोज नवा व्यायाम. शब्दांची यादी पाठ करणं आणि हे, यांत मोठा फरक आहे. यादीतला शब्द वहीत राहतो. पोटात गोळी लागलेल्या माणसाने कण्हत उच्चारलेला शब्द मात्र कोण विसरेल?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. परदेशात राहिलं की भाषा आपोआप येते, असं बरेच लोक सांगतात. तसं नाही. याच लढाईत कोटणीसांच्या आधी एक थोर डॉक्टर येऊन गेले होते, कॅनडाचे नॉर्मन बेथ्यून. 1938 च्या सुरुवातीला ते चीनला आले आणि 12 नोव्हेंबर 1939 रोजी, शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून वारले. त्यांची सेवा अजोड होती, चीनमध्ये त्यांना आजही मान आहे. पण ते काम करत दुभाष्याच्या मदतीने. त्यांचं वय पन्नाशीकडे झुकलेलं, आघाडीवर उसंत नाही, त्यामुळे त्यात दोष काढण्यासारखं काही नाही. मुद्दा एवढाच, की त्याच मातीत, तसेच रुग्ण तपासूनही दुभाष्यावर काम भागवता येतं. भाषा शिकायची तर ती शिकायची असं ठरवावं लागतं, आणि कोटणीसांनी ते ठरवलं.

पथकातले बाकीचे हळूहळू परतले. अटल, चोळकर आणि मुखर्जी आधी गेले. कोटणीस आणि बसू 1940 मध्ये शत्रूच्या पिछाडीच्या डोंगराळ भागात पोचले, आणि त्याच वर्षी बसूही येनानला माघारी गेले. कोटणीस तिथे थांबले. आता सोबतीला एकही भारतीय नव्हता. आपल्या गावचा, आपल्या भाषेचा माणूस जवळ असला की आपण त्याच्याशीच बोलत बसतो. पुण्या-मुंबईला शिकायला गेलेली आपली मुलंही खोलीत आपल्याच तालुक्याची सोबत शोधतात! त्यात चूक काही नाही, पण नवी भाषा तेवढी लांब राहते. कोटणीसांच्या बाबतीत परिस्थितीनेच ती सोय काढून घेतली.

1940 च्या त्या मोठ्या लढाईत तेरा दिवसांत आठशेहून अधिक जखमी त्यांच्याकडे आले आणि 558 शस्त्रक्रिया झाल्या, असा आकडा त्यांच्या चरित्रांत दिला जातो. एवढ्या गर्दीत प्रत्येक वाक्य दुभाष्याकडून फिरवून घ्यायचं म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा. रक्तस्राव काही भाषांतर होईपर्यंत थांबत नाही.

त्यानंतर त्यांच्यावर शिकवण्याची जबाबदारी आली. बेथ्यून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत ते शस्त्रक्रिया हा विषय चिनी भाषेतून शिकवू लागले, आणि जानेवारी 1941 मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. रुग्णाशी बोलणं वेगळं आणि वर्गात शिकवणं वेगळं, हे आम्हा शिक्षकांना चांगलं ठाऊक आहे. रुग्ण तुमचं मोडकंतोडकं समजून घेतो. वर्गात मात्र समोरचा पोरगा उद्या माणसाच्या पोटावर सुरी चालवणार असतो. तिथे रक्तवाहिनी बांधा आणि रक्तवाहिनी कापा यांत गोंधळ झाला तर जीव जाईल. त्यांचे विद्यार्थी खेड्यांतले तरुण होते, त्यांना इंग्रजी पुस्तकांचा उपयोग नव्हता. म्हणून कोटणीसांनी शस्त्रक्रियेवर चिनीतच पाठ्यपुस्तक लिहिलं. पहिला भाग सामान्य तत्त्वांचा. दुसरा, एकेका अवयवाच्या शस्त्रक्रियेचा, त्यांनी लिहायला घेतला.

मला या चरित्रातला सगळ्यात मोलाचा भाग हाच वाटतो. बहुतेक लोक बोलण्यापुरती भाषा आली की थांबतात. बाजारात भाव करता आला, रस्ता विचारता आला, झालं! कोटणीस बोलीवर थांबले नाहीत, चिन्हं शिकून लेखनापर्यंत गेले. आणि बोलण्याआधी लिहिण्याच्या मागेही लागले नाहीत. आधी कान, मग जीभ, मग डोळे आणि शेवटी हात, असा क्रम त्यांच्या कामानेच लावून दिला.

आपल्या शाळांत नेमकं उलट होतं. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं. पहिल्या आठवड्यापासून स्पेलिंग पाठ, मग शब्दार्थ, मग व्याकरणाचे नियम, मग गाईडमधली उत्तरं. बोलायचं मात्र राहून जातं, कारण चुकलं तर वर्ग हसतो. दहावीत ऐंशी टक्के गुण मिळवणाऱ्या मुलीला डाळिंबाच्या व्यापाऱ्याला चार वाक्यं सांगता येत नाहीत. आता तुम्ही म्हणाल, सर, कोटणीसांना दिवसभर तेच होतं, आम्हाला पस्तीस मिनिटांचा तास. बरोबर आहे. पण त्या पस्तीस मिनिटांत प्रत्येक मुलाच्या तोंडून इंग्रजीचं स्वतःचं वाक्य किती वेळा निघतं, हे एकदा मोजून बघा. डॉक्टरांची तीस-चाळीस वाक्यं होती, तशी आपल्या रोजच्या गरजेची तीस वाक्यं कोणती, याची यादी प्रत्येकाने स्वतःची करावी. शेतकऱ्याच्या पोराची यादी वेगळी, दुकानदाराच्या पोरीची वेगळी.

जून 1940 मध्ये बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात कोटणीसांची ओळख गुओ छिंगलान या तरुणीशी झाली. त्या परिचर्या शिकवत असत. 1941 च्या शेवटी दोघांनी लग्न केलं. 23 ऑगस्ट 1942 रोजी मुलगा झाला. त्याचं नाव यीनहुआ ठेवलं. यीन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

पण कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. उपचारासाठी मागे जाण्याऐवजी ते काम करत राहिले. 9 डिसेंबर 1942 रोजी हपै प्रांतातल्या गेगोंग या खेड्यात त्यांचं निधन झालं. वय बत्तीस. चीनमध्ये येऊन त्यांना चार वर्षं आणि थोडेच महिने झाले होते. पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग अपुरा राहिला.

त्यांची समाधी आज शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा स्मारकात आहे, बेथ्यून यांच्या समाधीही तिथेच आहे. गुओ छिंगलान 2012 पर्यंत हयात होत्या. त्यांनी पतीच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि त्या भारतातही येऊन गेल्या. यीनहुआ वैद्यकीचं शिक्षण घेत असतानाच तरुणपणी गेला.

सोलापुरात भैय्या चौकात कोटणीसांचं स्मारक आहे. सांगोल्याहून मंगळवेढामार्गे एसटीने गेलात तर सकाळी निघून संध्याकाळपर्यंत घरी परतता येतं. पुढच्या सहलीला सिद्धेश्वर मंदिर आणि भुईकोट किल्ल्याबरोबर तेही घ्यावं, असं मी वर्गशिक्षकांना सुचवलं आहे. जाण्याआधी प्रत्येकाने आपली तीस वाक्यं वहीत लिहून आणायची आहेत. बसमध्ये ती जोडीने म्हणायची, वही बंद ठेवून.