डोके जपणारा डॉक्टर

पुणे जिल्ह्यात मुळशी नावाचा डोंगराळ तालुका आहे. या तालुक्यात तैलबैला हे गाव आहे. गावाजवळ काळ्या पाषाणाच्या दोन प्रचंड भिंती शेजारी शेजारी उभ्या आहेत. गिर्यारोहक दोरांच्या साहाय्याने या भिंती चढतात. त्यांना चढताना पाहण्याचा योग आला, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. पाय जमिनीवर असतानाच ते डोक्यावर शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, घालतात आणि हनुवटीखालचा पट्टा घट्ट बांधतात. उंचावरून सुटलेला लहानसा दगडही जीवघेणा ठरतो, हे त्यांना ठाऊक असते.

याच तालुक्यातून एक रस्ता ताम्हिणी घाटाने कोकणात उतरतो. पावसाळ्यात धबधबे पाहण्यासाठी अनेक तरुण मोटारसायकलींवरून तेथे जातात. त्यांतील काहीजण हेल्मेट घालतात, तर काहीजण ते दंडात अडकवतात. दंडात अडकवलेले हेल्मेट फार तर कोपर वाचवील. डोके कसे वाचवणार?

मोटारसायकल चालवणाऱ्याने हेल्मेट घातलेच पाहिजे, हे आकड्यांच्या आधारे जगाला पटवून देणारे एक डॉक्टर होऊन गेले. त्यांचे नाव ह्यू केर्न्स. त्यांची हकिकत तुम्ही वाचायलाच हवी.

केर्न्स यांचा जन्म २६ जून १८९६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी या बंदराच्या गावी झाला. घरची परिस्थिती साधारण होती. पण मुलगा हुशार आणि मेहनती होता. ॲडलेड शहरात त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले. इतक्यात पहिले महायुद्ध भडकले. शिक्षण अपुरे ठेवून ते सैन्याच्या वैद्यकीय पथकात साधे शिपाई म्हणून दाखल झाले. तेथे ते विषमज्वराने आजारी पडले व परत आले. १९१७ साली पदवी मिळवून ते पुन्हा युद्धावर गेले. या वेळी डॉक्टर म्हणून.

युद्धानंतर शिष्यवृत्ती मिळवून ते इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात गेले. ते खेळाडूही होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यात दरवर्षी नावांची मोठी शर्यत होते. १९२० सालच्या शर्यतीत ऑक्सफर्डच्या नावेत वल्हे मारणाऱ्यांत केर्न्स होते.

त्या काळी मेंदूची शस्त्रक्रिया फारच थोड्या डॉक्टरांना जमत असे. अमेरिकेतील हार्वे कुशिंग हे या विद्येतील उस्ताद मानले जात. १९२६ साली केर्न्स त्यांच्याकडे गेले आणि वर्षभर राहून त्यांनी ती कला आत्मसात केली. लंडनला परतल्यावर त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेलाच वाहून घेतले.

मे १९३५ मध्ये त्यांना तातडीचे बोलावणे आले. टी. ई. लॉरेन्स यांना अपघात झाला होता. पहिल्या महायुद्धात तुर्की सत्तेविरुद्ध उठलेल्या अरबांच्या बाजूने लढल्यामुळे लॉरेन्स जगभर प्रसिद्ध झाले होते. वेगाने मोटारसायकल चालवणे हा त्यांचा मोठा छंद होता. १३ मे रोजी ते आपल्या घराकडे निघाले होते. रस्त्याच्या चढउतारामुळे पुढे सायकलवर असलेली दोन मुले त्यांना वेळेवर दिसली नाहीत. मुलांना वाचवण्यासाठी त्यांनी गाडी वळवली, तोल गेला आणि ते रस्त्यावर फेकले गेले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवस ते बेशुद्ध होते. डॉक्टरांनी शर्थ केली. पण १९ मे रोजी लॉरेन्स यांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ४६ वर्षे होते.

या घटनेमुळे केर्न्स यांचे लक्ष मोटारसायकलींच्या अपघातांकडे वेधले गेले, असे मानले जाते. डॉक्टर जखम शिवू शकतो, रक्त थांबवू शकतो. परंतु मेंदूचा चेंदामेंदा झाल्यावर कोणताच इलाज चालत नाही. मग इजा होऊच नये म्हणून काय करता येईल?

मोटारसायकलच्या शर्यतींत हेल्मेट पूर्वीपासून वापरले जात होते. पण रोजच्या रस्त्यावर ते कोणी घालत नसे. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. हवाई हल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमध्ये रात्री रस्त्यांवर दिवे लावत नसत. अशा अंधारात सैन्याचे निरोपे मोटारसायकलींवरून धावत असत. केर्न्स यांनी मृत्यूंचा हिशेब मांडला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत मोटारसायकल चालवणारे आणि त्यांच्या मागे बसणारे मिळून २,२७९ जण अपघातात मरण पावले होते. त्यांत डोक्याला मार लागून मेलेल्यांची संख्या सर्वांत मोठी होती. अपघाताच्या वेळी हेल्मेट घातलेले केवळ सातच जखमी केर्न्स यांच्या पाहण्यात आले होते. पण ते सातही जण वाचले होते. ही माहिती त्यांनी १९४१ साली प्रसिद्ध केली.

नोव्हेंबर १९४१ पासून ब्रिटिश सैन्यातील मोटारसायकलस्वारांना कामावर असताना हेल्मेट सक्तीचे झाले. पण केर्न्स तेवढ्यावर थांबले नाहीत. सात उदाहरणांवरून कायमचा निष्कर्ष काढता येत नाही, हे कोणताही शास्त्रज्ञ जाणतो. ते दर महिन्याचे आकडे तपासत राहिले. सक्तीनंतर मृत्यू स्पष्टपणे घटल्याचे त्यांनी १९४६ साली दाखवून दिले.

हेल्मेट काम कसे करते, हेही समजून घ्या. भांड्यातील दही जोरात हलवले, तर भांडे शाबूत राहते. पण दही मोडते. कवटीच्या आत मऊ मेंदूची तशीच गत होते. ऑक्सफर्डमधील होलबर्न या शास्त्रज्ञाने जिलेटिनचा मेंदू करून हे अभ्यासले होते. हेल्मेटचे कठीण कवच धक्का एका जागी न ठेवता पसरवते. आतील अस्तर दबते आणि धक्क्याचा जोर कमी करते. म्हणूनच एकदा मोठा आघात सोसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये, आणि पट्टा न बांधता तर मुळीच घालू नये. प्रत्येक खेळाचे हेल्मेटही वेगळे असते. गिर्यारोहकाचे हेल्मेट मुख्यतः वरून येणाऱ्या दगडासाठी बनवलेले असते. मोटारसायकलवर ते पुरेसे नाही. गुलमर्गच्या बर्फावर घसरणाऱ्या खेळाडूचे आणखी वेगळे.

महायुद्धात केर्न्स यांनी आणखीही मोठी कामगिरी केली. डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांसाठी त्यांनी ऑक्सफर्डला खास रुग्णालय उभारले. शस्त्रक्रियेची फिरती पथके थेट रणभूमीजवळ पाठवली. १९४३ साली उत्तर आफ्रिकेत जखमी सैनिकांवर पेनिसिलिन या नव्या औषधाचे प्रयोग करण्यातही त्यांचा वाटा होता. १८ जुलै १९५२ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

ब्रिटनमध्ये सर्व मोटारसायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती झाली ती १९७३ साली. ते पाहायला केर्न्स हयात नव्हते. आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हेल्मेटचे कलम आहे. तरीही उकडते, जड वाटते, केस विस्कटतात, अशा तक्रारी तुम्ही रोज ऐकत असाल. अशा वेळी केर्न्स यांचा हिशेब आठवा.

तुम्ही अजून गाडी चालवत नाही, हे खरे. पण अब्बांच्या किंवा भाईजानच्या मागे बसून तुम्ही जातच असाल. केर्न्स यांनी मोजलेल्या त्या २,२७९ जणांत मागे बसणारेही होते, हे विसरू नका. उद्या घरातून निघताना हेल्मेट दोन आहेत का, ते पाहा. दुसरे तुमच्यासाठी आहे.