काळोखातून वाट : संत इग्नेशियस लोयोला



दरवर्षी ३१ जुलैला आपण संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करतो. येशूसंघाचे संस्थापक, संत फ्रान्सिस झेवियर यांचे मित्र आणि मार्गदर्शक अशी त्यांची ओळख आपल्याला लहानपणापासून आहे. त्यांचे नाव घेतले की एक करारी, शिस्तीचा, कशानेही न डगमगणारा पुरुष डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु हाच पुरुष एके काळी मनाने इतका खचला होता की, त्याला जगणे नकोसे झाले होते. त्यांच्या जीवनातील हा भाग आपल्या कानांवर क्वचितच पडतो.

आज आपण तोच भाग पाहणार आहोत, कारण मन खचणे ही आपल्याही घराघरातली गोष्ट आहे. कुणाची नोकरी जाते, कुणाचे लग्न मोडते, कुणाचा जोडीदार अचानक देवाघरी जातो. कधी तर कारणही सापडत नाही, नुसती झोप उडते आणि सकाळी उठावेसे वाटत नाही. अशा वेळी ख्रिस्ती माणसाला आणखी एक बोचणी लागते. आपली श्रद्धाच कमी पडली असेल, या विचाराने तो मनातल्या मनात कुढत राहतो. त्या प्रत्येकासाठी इग्नेशियस यांचे जीवन दिलासा देणारे आहे.

त्यांचा जन्म १४९१ साली स्पेनमधील बास्क प्रांतात, लोयोला येथील गढीत झाला. बाप्तिस्म्याचे नाव इनिगो. मोठ्या कुटुंबातले ते सर्वांत धाकटे मूल. तरुणपणी त्यांना ओढ होती ती तलवारीची, मानमरातबाची आणि उंची कपड्यांची. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाचा किल्ला लढवत असताना तोफेचा गोळा लागून त्यांचा उजवा पाय मोडला आणि डाव्यालाही जखम झाली. फ्रेंच सैनिकांनीच त्यांच्यावर उपचार केले व त्यांना घरी पोहोचवले. हाड नीट बसले नव्हते, म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला, तो कुरूप दिसतो म्हणून त्यांनी हट्टाने कापून घेतला. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. तरीही त्यांनी मुठी आवळून सारे सहन केले. शरीराच्या वेदना सोसण्याचे धैर्य त्यांच्याकडे भरपूर होते. मनाच्या वेदनांशी मात्र अजून गाठ पडायची होती.

अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी शूर सरदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या. मिळाली ती प्रभू येशूचे चरित्र आणि संतांच्या कथा अशी दोन पुस्तके. ती वाचता वाचता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. मोठेपणाची स्वप्ने रंगवताना मजा वाटे, पण नंतर मन कोरडे आणि उदास होई. संतांप्रमाणे देवाची सेवा करण्याचा विचार केला, तर त्यातून मिळालेले समाधान नंतरही टिकून राही. प्रत्येक विचार आपल्याला कुठे नेऊन सोडतो, हे पाहायला ते शिकले. हे साधे निरीक्षण पुढे त्यांना मोठ्या संकटातून वाचवणार होते.

पाय बरा झाल्यावर ते घर सोडून निघाले. १५२२ च्या मार्च महिन्यात मोन्सेरात येथे त्यांनी तीन दिवस घेऊन आपल्या सर्व आयुष्याचे कुमसार केले. आपले भारी कपडे एका भिकाऱ्याला दिले, तलवार पवित्र मरियेच्या वेदीपाशी ठेवली आणि रात्रभर तिथे जागरण केले. तेथून ते जवळच्या मानरेसा गावी आले. थोडे दिवस राहायचे म्हणून आलेले इनिगो तेथे दहा-अकरा महिने राहिले.

सुरुवातीला सारे आनंदाचे होते. ते भिक्षा मागत, रोज मिस्साला जात, सात-सात तास गुडघ्यांवर प्रार्थना करत. नंतर मनात शंका शिरली. मोन्सेरातला आपण सर्व पापे सांगितली ना? काही राहून तर गेले नाही? त्यांनी पुन्हा कुमसार केले, तरी समाधान नाही. मग पुन्हा, आणि पुन्हा. अगदी स्पष्ट आठवेल तेवढेच सांग, असे धर्मगुरूंनी त्यांना बजावले. पण अडचण अशी की, त्यांना सगळेच स्पष्ट आठवत होते! एका पापाच्या आठवणीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी ती साखळी तुटेना. प्रार्थनेत रस राहिला नाही. आपला जीव संपवावा असे विचार जोराने मनात येऊ लागले. तसे केल्याने देव दुखावेल, एवढ्या एकाच जाणिवेला धरून ते देवाचा धावा करत राहिले.

शेवटी त्यांनी ठरवले की, देव मार्ग दाखवत नाही तोवर अन्नपाणी घ्यायचे नाही. असा संपूर्ण आठवडा गेला. रविवारी कुमसाराला गेल्यावर त्यांनी हे धर्मगुरूंना सांगितले. धर्मगुरूंनी उपवास ताबडतोब सोडायला सांगितले. आपल्या अंगात अजून ताकद आहे असे इनिगोंना वाटत होते, तरी त्यांनी ऐकले. दोन दिवस मन शांत राहिले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच छळ सुरू झाला, आणि मग या साऱ्या जीवनाचाच वीट येऊन ते सोडून द्यावेसे त्यांना वाटू लागले. त्या क्षणी लोयोलाच्या अंथरुणावर शिकलेला धडा त्यांना आठवला. हे विचार आपल्याला कुठे नेत आहेत? निराशेकडे. मग ते क्षमाशील पित्याकडून आलेले कसे असतील? मागची पापे पुन्हा उकरायची नाहीत, असा त्यांनी निश्चय केला. त्या दिवसापासून ते मोकळे झाले, आणि ही सुटका देवाच्या दयेने झाली असे ते आयुष्यभर मानत राहिले.

बंधू-भगिनींनो, यानंतर त्यांचा मार्ग सोपा झाला असे मात्र नाही. १५२३ साली ते जेरुसलेमला गेले. जन्मभर तिथेच राहण्याची इच्छा होती, पण तेथील फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली. वयाच्या तिशीनंतर ते बार्सिलोनात मुलांच्या शेजारी बसून लॅटिन व्याकरण शिकले. त्यांच्या शिकवणीविषयी संशय घेऊन आल्काला येथे त्यांना ४२ दिवस आणि सालामांका येथे २२ दिवस कैदेत ठेवण्यात आले. दोन्हीकडे चौकशीत त्यांच्या शिकवणीत खोट आढळली नाही. अपयश, अपमान, अडवणूक सारे वाट्याला आले, पण मानरेसाला शिकलेला माणूस आता कोलमडत नव्हता.

१५२८ साली ते पॅरिसला शिकायला गेले. तेथे पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर यांच्या खोलीत त्यांना जागा मिळाली. मनमिळाऊ फेबर यांनाही त्याच पापशंकेने पोखरले होते. इग्नेशियस यांनी त्यांना धीराने, घाई न करता सांभाळले. आधी संपूर्ण आयुष्याचे कुमसार, मग दर आठवड्याला कुमसार व ख्रिस्तशरीर आणि रोज आत्मपरीक्षण, अशी वाट त्यांनी दाखवली. ज्या जखमेने एकाला मरणाच्या दारात नेले होते, तीच दुसऱ्यासाठी औषध ठरली. हेच फेबर पुढे येशूसंघाचे पहिले धर्मगुरू झाले आणि २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवर सात मित्रांनी देवाला वचन दिले. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले, आणि मानरेसाच्या त्या काळोखातून निघालेला प्रकाश आपल्या किनाऱ्यावर पोहोचला. इग्नेशियस यांचे ३१ जुलै १५५६ रोजी रोम येथे निधन झाले. १२ मार्च १६२२ रोजी इग्नेशियस व झेवियर या दोघा मित्रांना एकाच दिवशी संतपद मिळाले.

मानरेसातील अनुभवांतून त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाची सुरुवात झाली. १५४८ साली त्याला पोपमहोदयांची मान्यता मिळाली. त्यातील काही गोष्टी आपण आपल्या शिदोरीत बांधून ठेवू या. मन अंधारात असताना आधी घेतलेले चांगले निर्णय बदलू नयेत. जप सोडून देणे, घर सोडणे, नाते तोडणे, असले काही त्या वेळी ठरवू नये. हा अंधार कायमचा नाही, देवाचे सांत्वन पुन्हा येईल, याची स्वतःला आठवण द्यावी. मन आनंदी असते तेव्हाच पुढच्या कठीण दिवसांसाठी बळ साठवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मनात कोंडलेले बोलून दाखवावे. निराशेला गुपित आवडते. विश्वासू माणसासमोर ते उघडले की तिचे निम्मे बळ जाते.

आम्ही यात एकच भर घालतो. अति उपवासाने आपली प्रकृती बिघडली, हे इग्नेशियस यांनी पुढे ओळखले आणि आपल्या बांधवांना शरीराची योग्य काळजी घ्यायला लावले. मनही आजारी पडते. तेव्हा फादरांकडे जावे, तसेच डॉक्टरांकडेही जावे. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे.

आज मिस्सानंतर घरी जाताना आपल्या ओळीत कोण गप्प बसले होते, कुणाची जागा कित्येक रविवार रिकामी आहे, हे जरा आठवून पाहू या. त्यांच्या दारी आपण जाऊ या. उपदेश नको, फक्त थोडा वेळ बसू या आणि ऐकू या.

प्रार्थना : हे प्रभू येशू, गेथसेमनीच्या बागेत तुझेही मन व्याकूळ झाले होते. आमच्या धर्मग्रामातील जे कुणी आज आतून खचले आहेत, त्यांना तुझ्या सोबतीची जाणीव दे. त्यांना बोलण्याचे धैर्य दे आणि आम्हांला ऐकण्याची सवड दे. संत इग्नेशियस, आम्हांसाठी विनंती करा. आमेन.